हवालदारांच्या संध्याकाळचा हिशेब

शोकसभेत दोन तट पडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. एरवी शोकसभा ठरलेल्या वाटेने जाते. चार माणसं उठतात, पोकळी भरून न निघाल्याचं सांगतात, दोन मिनिटं शांतता पाळली जाते आणि मग सगळे चपला शोधायला लागतात. गेल्या महिन्यात साताऱ्यात ८१ वर्षांच्या एका माणसासाठी भरलेली सभाही तशीच चालली होती. मग एक जण उठले आणि म्हणाले, ज्या मैदानावर त्यांनी चाळीस वर्षं पोरांना हॉकी शिकवली त्या मैदानाला त्यांचं नाव द्या आणि फाटकाशी लष्करी गणवेशातला, हातात स्टिक घेतलेला पुतळा उभारा. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात याचंही भान राहिलं नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "ऑलिंपिक खेळले होते का ते? वीरचक्र होतं का? बँकेत कॅशियर होते. माणूस चांगला, मान्य. पण पुतळा?"

तेव्हापासून राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत हा वाद चालू आहे. एका बाजूला वाटतं, सैनिकाचा अपमान झाला. दुसरीला वाटतं, असं सुरू केलं तर उद्या गल्लोगल्ली पुतळे होतील. मला दोन्ही बाजूंचा राग येतो, कारण दोघांच्या हातात एकच फूटपट्टी आहे. पुतळावाले त्यांची लष्करी नोकरी आणि कॉलेजातली हॉकी फुगवून सांगतात, म्हणजे ते त्या फूटपट्टीवर बसावेत. विरोधक त्याच फूटपट्टीवर ते कमी भरले म्हणून दाखवतात. त्यांच्या आयुष्यातली खरी मोलाची गोष्ट मात्र दोघांनीही बाजूला ठेवली आहे. ती म्हणजे संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ही वेळ. ती वेळ त्यांच्या हातात राहिली ती ज्या बँकेच्या नोकरीची त्या दिवशी हेटाळणी झाली, तिच्यामुळे. आठवण ठेवायची असेल तर त्या दोन तासांची ठेवा. ते दोन तास पुन्हा कसे उभे राहतील, याचा विचार करा. माझं म्हणणं एवढंच, पण ते पटवायला थोडं मागे जावं लागेल.

नाव मी लिहीत नाही. वाद सुरू झाल्यावर त्यांच्या घरच्यांनी ते कुठेही छापू नका असं कळवलं, आणि ते योग्यच आहे. गाव त्यांना 'हवालदार' म्हणायचं. नवा माणूस हमखास फसायचा आणि त्यांना पोलिसातले समजायचा. एकदा कुणीतरी हरवलेल्या मोटरसायकलची तक्रार त्यांच्याकडे घेऊन आल्याचं सांगतात. बँकेत ते 'साहेब' आणि मैदानावर 'सर'. मी त्यांच्याकडे दोन वर्षं लेफ्ट हाफला खेळलो, वाईट खेळलो आणि सोडून दिलं. त्यामुळे मी काही त्यांच्या लाडक्या शिष्यांपैकी नव्हे.

आता त्यांचं आयुष्य सभेत ज्या क्रमाने सांगितलं गेलं ते पाहा. १८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी लडाखमध्ये रेझांग ला इथे मेजर शैतानसिंग यांची तुकडी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. तीन दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, कराडच्या यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य घराघरांत गेलं. कॉलेजच्या हॉकी संघातून खेळणारा अठरा वर्षांचा एक पोरगा या सगळ्याच्या ऐन मध्यावर होता. नव्या विद्यापीठाच्या संघात निवड होईल अशी त्याला आशा होती. ती निवड होण्याआधीच, १९६३ मध्ये, तो बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाला. पंधरा वर्षं नोकरी, ६५ आणि ७१ दोन्ही लढाया, हवालदार म्हणून निवृत्ती. सभेतल्या भाषणांनी इथे पाऊण तास घेतला. मग "पुढे त्यांनी बँकेत सेवा केली" हे एक वाक्य. मग "तसंच मुलांना हॉकी शिकवली" हे दुसरं. चाळीस वर्षांना मिळाला तो एक 'तसंच'.

असं का होतं? साताऱ्यात तरी याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळात जा. तिथे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, रांगेने उभे आहेत. वीरगळाची रचना बहुतेक ठरलेली. खालच्या थरात लढाई, बऱ्याचदा गाई पळवून नेणाऱ्यांशी. मधल्या थरात त्या वीराला अप्सरा वर नेताहेत. वरच्या थरात तो शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे आणि डोक्यावर चंद्रसूर्य आहेत. बहुतेकांवर नाव नाही. शतकानुशतकं आपण माणूस लक्षात ठेवला तो या तीन थरांत. लढला, मेला, पुजला गेला. मला या दगडांबद्दल अतोनात आदर आहे, पण त्यांच्यापुढे उभं राहिलं की एक प्रश्न पडतो. त्याच लढाईतून जो गाई घेऊन जिवंत परत आला, त्याने पुढे तीस वर्षं त्या गाई राखल्या, पोरांना गोफण फिरवायला शिकवलं, त्याचा थर कुठे आहे? शिल्पकाराला तो कोरता आला नाही, कारण त्यात प्रसंग नाही. रोज तेच. रोज तेच करणं दगडात कसं दाखवणार?

आमच्या जिल्ह्याला हा साचा जरा जास्तच मानवतो. अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली. त्यामुळे माणूस गणवेशात होता एवढं कळलं की आपलं उरलेलं कुतूहल संपतं. हवालदारांच्या बाबतीत तेच झालं. त्यांच्या पंधरा वर्षांपुढे पुढची शेहेचाळीस वर्षं विरली. गंमत म्हणजे ते स्वतः लढायांबद्दल कधी बोलायचे नाहीत. पोरांनी फार छळलं तर म्हणायचे, "थंडी होती. पाय धुवून कोरडे ठेवायचे. तुम्ही पण ठेवा, चिखल्या होतील."

आता बँक. या नोकरीबद्दल थोडं तपशिलाने लिहावंच लागेल, कारण ती कुणी लिहीत नाही.

सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांत कारकुनी पदांमध्ये माजी सैनिकांसाठी १४.५ टक्के आणि शिपाई वर्गात २४.५ टक्के जागा राखीव असतात. लष्करातला जवान पस्तिशीच्या आसपास बाहेर पडतो. पंधरा वर्षं झाली की पेन्शन सुरू होते, पण ती संसाराला पुरत नाही, आणि तिशीच्या उतारावर नवं काम शिकायचं असतं. ही राखीव जागा त्या माणसाला गावात परत आणते. हवालदार १९८० मध्ये असे एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागले. सातारा तेव्हा बँकेची नोकरी म्हणजे काय हे ओळखून होता. १९३६ मध्ये सुरू झालेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेचं मुख्य कार्यालय इथलंच, आणि २००६ मध्ये ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखे चेहरे मी पाहिले आहेत. त्या काळात बँकेचं काउंटर दुपारी दोन-अडीचला बंद व्हायचं. मग लेजर, स्लिपा, व्हाउचरं. कॅश टॅली झाली की पाचला शटर. सव्वापाचला घर, साडेपाचला मैदान. दर महिन्याला पगार, वर पेन्शन, आणि पाचनंतरचा वेळ संपूर्ण आपला. आज वाचताना हे परीकथेसारखं वाटेल, पण साध्या कारकुनाचं आयुष्य असं होतं.

त्यातही एक अडचण होती. कारकुनाचा ऑफिसर झाला की बदली. आज सांगोला, उद्या सिंधुदुर्ग. हवालदारांनी प्रमोशन दोनदा नाकारलं. बँकेतले त्यांचे जुने सहकारी हे अजून थोडं हसत सांगतात, कारण त्यांच्या बरोबरीचे लोक पुढे मॅनेजर होऊन निवृत्त झाले. दोन्ही मुलींची लग्नं, घराचं कर्ज, सगळं कॅशियरच्या पगारात निभावलं. शौर्याची गोष्ट म्हणून सांगायची असेल तर मी ही सांगेन. १९७१ मध्ये काय झालं ते मला माहीत नाही. त्यांच्याबरोबर तिथे कोण होतं, त्यांनाच माहीत. पण दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी हा माणूस चोवीस वर्षं थोडं थोडं हरत होता आणि ते हरणं त्याने स्वतः निवडलं होतं.

आणि ते एकटेच हरत नव्हते. त्या साडेपाच ते साडेसातच्या वेळेत घरी काकू होत्या. दळण, मुलींचा अभ्यास, सासूचं आजारपण, आणि सातनंतर मैदानावरून पाणी प्यायला येणारी सात-आठ पोरं. आम्ही "त्यांनी पोरांना फुकट शिकवलं" असं सहज म्हणतो. फुकट कुठे होतं ते? त्याचे पैसे सरकारी पेन्शनने भरले, बँकेच्या पगाराने भरले आणि काकूंनी भरले. सभेत काकूंचं नाव एकानेही घेतलं नाही.

आता समोरच्यांच्या बाजूने बोलतो. पुतळावाल्यांकडे एक मुद्दा असा आहे की तो ऐकून मी दोन दिवस गप्प बसलो होतो. ते म्हणतात, आपण विसरतो. दगड नसला की विसरतो. आपल्याच जिल्ह्यातले खाशाबा जाधव पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या माणसाने आणलं. कराड स्टेशनवरून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग? १९५५ मध्ये पोलिसांत नोकरी, १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० चा, मरणोत्तर. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडादिन व्हायला हेलसिंकीनंतर सत्तर वर्षं जावी लागली. ऑलिंपिक पदक आणणाऱ्याची ही गत, तर मैदानावर फक्की मारणाऱ्या हवालदाराला कोण विचारतो? तेव्हा आत्ताच, लोक हळवे आहेत तोवर, दगड बसवून टाका.

मुद्दा खरा आहे. विसरण्याचा आपला वेग प्रचंड आहे. पण याच गोष्टीत आणखी काहीतरी दडलेलं आहे, ते पुतळावाले पाहत नाहीत. खाशाबांना उपेक्षा टोचली असेल ती पुतळा नसण्याची होती का? परत आल्यावर त्यांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवून कर्ज फेडलं. त्यांना कमी पडलं ते जिवंतपणी, रोजच्या जगण्यात. आणि त्या सात हजारांमागचे खर्डेकर? घर गहाण ठेवणाऱ्याचं नाव आपण खाशाबांच्या गोष्टीतल्या एका ओळीपुरतं घेतो. पुतळ्यांची परंपरा चालू ठेवली तर हवालदार ज्या पठडीतले होते, त्या खर्डेकरांच्या पठडीतल्या लोकांना पुतळा मिळणार नाहीच. तो पदकवाल्यालाच मिळणार, फार तर पन्नास वर्षं उशिरा.

हॉकीतही हेच घडलेलं आहे. ध्यानचंद १९२२ मध्ये शिपाई म्हणून लष्करात गेले. तिथे सुभेदार-मेजर बाले तिवारी यांनी त्यांच्या हातात स्टिक दिली, खेळ शिकवला. पुढचं सगळं जगाला ठाऊक आहे. १९२८, १९३२, १९३६ ची सुवर्णपदकं, दिल्लीच्या स्टेडियमला नाव, २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडादिन, खेलरत्न पुरस्कारालाही त्यांचंच नाव. आता तुमच्या शेजारच्या हॉकीवेड्या माणसाला विचारा, बाले तिवारी कोण? मी चौघांना विचारलं. एकाने "पेनल्टी कॉर्नरवाला का?" असं उलट विचारलं.

विरोधकांचाही सर्वांत मजबूत मुद्दा मांडतो, कारण तो कुणी नीट मांडत नाही. नुसतं "ऑलिंपिक खेळले का" हा हलका सवाल झाला. खरा सवाल असा आहे: चाळीस वर्षं शिकवून हाती काय आलं? त्यांच्या हाताखालचा एकही खेळाडू भारताच्या संघात गेला नाही. याच जिल्ह्यात माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाऊंड तिरंदाजीत जगज्जेती झाली. म्हणजे इथल्या मातीत दम आहे. मग हवालदारांनी धावणं, तिरंदाजी, कुस्ती, कबड्डी सोडून जो खेळ इथे रुजणारच नव्हता तोच का धरून ठेवला? पोरांची वर्षं वाया नाही गेली?

याला उत्तर द्यायचं तर एक कडू गोष्ट कबूल करावी लागेल. हवालदार शिकवायला लागले तेव्हा त्यांची हॉकी संपलेली होती. भारताने विश्वचषक जिंकला १९७५ मध्ये, क्वालालंपूरला, गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फ आलं आणि भारत सातवा आला. टर्फला लागतो तो पैसा आणि पाणी तालुक्याच्या गावाकडे नाही. मुरमाच्या मैदानावर चेंडू उड्या मारत येतो, टर्फवर सरपटत येतो. मनगटाचा खेळ मागे पडला, दमाचा आणि वेगाचा पुढे आला. खेळ सुरू करायची बुली गेली, ऑफसाइड गेला. साताऱ्यातला पोरगा कितीही गुणी असला तरी टर्फवर पहिल्यांदा पाय ठेवेपर्यंत त्याचं वय निघून गेलेलं असायचं. हे हवालदारांना १९८० मध्येच कळत होतं. मी एकदा विचारलं होतं, सर, आपल्यातला कुणी इंडिया खेळेल का? ते फक्कीचं घमेलं उचलत म्हणाले, "नाही. चल, डी आखून घे." डी म्हणजे गोलसमोरचं अर्धवर्तुळ.

ज्याला पदक मिळणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे त्याचा हिशेब पदकांच्या तक्त्यावर कसा करणार? तो तक्ताच चुकीचा. वाया गेली म्हणता ती वर्षं कुठे गेली ते पाहा. लष्कर भरतीला १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळालं की पूर्ण गुण मिळतात. मैदानाला फेऱ्या मारून तेवढं पळायला शिकलेली पोरं त्यांच्याकडून निघाली. काही पोलिसांत गेली, काही शाळांत पीटी शिकवतात, एक एसटीत कंडक्टर आहे, दोघे ट्रक चालवतात, एक जण तुरुंगात जाऊन आला. अकरा जणांत चेंडू स्वतःकडे न ठेवता पास देणं ही काही लहान शिकवण नाही. गावात ज्यांच्याशी कुणी खेळत नव्हतं अशा वस्तीतली पोरं याच मैदानावर पास द्यायला आणि घ्यायला शिकली. आणि अदितीच्या पदकामागे साताऱ्यातल्या एका लहानशा मैदानातल्या प्रशिक्षकाची वर्षं आहेतच की. फरक एवढाच, की तिथे निशाण लागलं म्हणून आपण त्या वर्षांकडे वळून पाहिलं. निशाण लागलं नसतं तर ती वर्षं कमी खरी ठरली असती का?

तरी एक आक्षेप राहतो आणि तो मला सर्वांत जास्त सतावतो. एका तरुण वकील बाईंनी तो घेतला. त्या म्हणाल्या, अशा माणसांचं गुणगान करणं म्हणजे व्यवस्थेची सुटका करणं. मुलांना खेळ शिकवणं हे पगारी, प्रशिक्षित माणसाचं काम आहे. फुकट राबणारा संत मिळाला की सगळे हात झटकतात. शिवाय त्यांच्याकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका नव्हती, मुलांच्या सुरक्षिततेचे काही नियम नव्हते आणि पहिली वीस वर्षं मैदानावर एकही मुलगी नव्हती.

बरोबर आहे. आणखी भर घालतो. ते पोटरीवर स्टिकचा फटका द्यायचे. हलका असायचा असं लोक म्हणतात. माझ्या पोटरीला तसं वाटलं नव्हतं. एका पोराचा गुडघा त्यांनी बर्फावर आणि हळदीवर काढला, डॉक्टरकडे महिनाभर उशिरा नेलं, आणि तो पाय अजून आखडतो. मुली आल्या त्या २००१ नंतर, आणि त्याही त्यांच्या धाकट्या मुलीने घरात भांडण केलं म्हणून. हे सगळं त्यांच्या आठवणीत असलं पाहिजे. पुतळ्यात ते येणार नाही. ब्राँझला पोटरी दुखत नाही.

पण वकील बाईंच्या मुद्द्याचा शेवट त्यांना हवा तिथे होत नाही. पगारी प्रशिक्षक हवा, शंभर टक्के. तो येईपर्यंतच्या चाळीस वर्षांत जी पोरं दहा वर्षांची होती ती दहा वर्षांची थांबली नाहीत. आणि हवालदार संत नव्हते, म्हणूनच मी मघापासून बँकेचं सांगतो आहे. संत म्हटलं की ते दैवी देणं होऊन बसतं. पुढचा संत जन्माला येईपर्यंत वाट पाहायची. कॅशियर म्हटलं की हिशेब करता येतो. या माणसाला संध्याकाळ कुठून मिळाली, हा प्रश्न विचारता येतो. आज ती का मिळत नाही, हाही विचारता येतो.

कारण आज ती मिळत नाही. त्याच बँकेच्या शाखेत आज पाच वाजता जाऊन पाहा. काउंटर उशिरापर्यंत चालू, मग डे-एंड, मग विम्याचं टार्गेट, म्युच्युअल फंडाचं टार्गेट, वरून व्हिडिओ मीटिंग. कारकून सात-साडेसातला निघतो आणि ऑफिसरचा नेम नसतो. तोवर मैदानावर अंधार पडलेला असतो. लष्कराकडून येणारी वाटही बदलली. २०२२ पासून अग्निपथ आहे. चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम, बाकीचे सेवानिधीचे पावणेबारा लाखांच्या आसपास पैसे घेऊन घरी. पेन्शन नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६-२७ मध्ये भरतात. या जिल्ह्यात बावीस-पंचवीस वर्षांची, शिस्तीची, दमाची शेकडो पोरं परत येतील. त्यांच्यातल्या दहाजणांना मैदानावर उभं राहायला आवडेल याची मला खात्री आहे. पण कशाच्या जोरावर? हवालदारांच्या खिशात पेन्शन होती म्हणून त्यांना संध्याकाळ देता आली. यांना संध्याकाळी सुरक्षारक्षकाची दुसरी पाळी करावी लागेल. त्यांच्या वाटेवर हवालदारांचा पुतळा उभा करून आपण त्यांना नेमकं काय सांगणार आहोत? असे व्हा? कसे होणार?

मग करायचं काय? मी नावाच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट करतो. साताऱ्यापासून जवळ लिंब गावात बारामोटेची विहीर आहे. १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. शंभरावर फूट खोल, अष्टकोनी, एका वेळी बारा मोटा चालाव्यात अशी सोय आणि आत चक्क महाल. विरूबाईंबद्दल एरवी आपल्याला किती माहिती असती? त्यांनी पाणी दिलं म्हणून आज तीनशे वर्षांनी लोक त्यांचं नाव घेतात, असं मी एकाला सांगत होतो. त्याने मला बरोबर पकडलं. म्हणाला, पाण्यामुळे नव्हे, तिथे शिलालेख आहे म्हणून घेतात. लेख नसता तर 'कुणीतरी बांधली' एवढंच म्हटलं असतं. हरलो. लेख हवा. पण मग तो म्हणतो त्याच्यापुढे मला एवढंच जोडायचं आहे, की तो लेख विहिरीवर आहे. आधी विहीर खणली. आपण उलटं करतोय. पुतळ्याची वर्गणी सुरू झाली आहे, आणि मैदान वर्षातले निदान चार महिने प्रदर्शनं, लग्नाचे मांडव आणि गाड्यांच्या पार्किंगखाली आहे. मांडवाचे खांब रोवलेले खड्डे हवालदार स्वतः बुजवायचे. ते गेल्यापासून कुणी बुजवलेले नाहीत.

(मनुष्यस्वभावाचा वैताग आला की मी संगम माहुलीला जातो. तिथे साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे, त्याने वाघापासून धन्याचा जीव वाचवला अशी कथा. एकेकाळी सातारकर कुणाची आठवण का ठेवायची याबद्दल पुरेसे मोकळ्या मनाचे होते.)

पुतळ्यासाठी जेवढी वर्गणी मागितली जाते आहे तेवढ्यात काय काय होईल, याचा मी कागदावर हिशेब मांडला. माजी सैनिक किंवा जुना खेळाडू अशा दोघांना, एक पुरुष आणि एक स्त्री, रोज दोन तासांचं मानधन. त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च, म्हणजे गुडघा हळदीवर काढायची वेळ येणार नाही. चाळीस स्टिका, चेंडू, गोलकीपरचे पॅड. दोन दिवे. मैदान समतल करायला मुरूम आणि रोलर. आणि ज्यांच्या ताब्यात ते मैदान आहे त्यांच्याकडून एक लेखी ठराव, की रोज साडेपाच ते साडेसात इथे मांडव, गाडी, सभा काहीही येणार नाही. पैसे पाच-सहा वर्षं पुरतात. ठराव झाला आणि दोन वर्षं पाळला गेला, की मग फाटकावर नाव घाला. त्याखाली काकूंचंही घाला. लष्करातला हुद्दा लिहा, बँकेतलं पदही लिहा. 'हेड कॅशियर' असं ठळक लिहा, म्हणजे वाचणारा थबकेल.

हे मी पुतळा समितीला पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर आलं, अतिशय सौजन्यपूर्ण. विषयावर खुली चर्चा व्हावी म्हणून येत्या गुरुवारी बैठक ठेवली आहे, अवश्य यावं. बैठक औचित्याला धरून त्याच मैदानावर आहे. वेळ सायंकाळी साडेपाच. खुर्च्या आदल्या दिवशीच येऊन पडल्या आहेत, नेमक्या डीमध्ये, आणि चार-पाच पोरं त्यांच्यामधून चेंडू काढायचा प्रयत्न करत होती.